एकवीस दूर्वा, सदतीस ठिपके

2025च्या दिवाळीत आमची नात सांगलीला आली ती दप्तर घेऊन. दिवाळीच्या सुट्टीत दप्तर कशाला, असं मी विचारायच्या आतच तिने त्यातून एक जाडजूड पाकीट काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. पाकिटावर हसरा आकाशकंदील होता. आत बारा वर्कशीटं. दुसरीतल्या मुलांनी सुट्टीत सणांच्या निमित्ताने गणित करावं, अशी पुण्यातल्या तिच्या शाळेची कल्पना होती. कल्पना मला आवडली. आयुष्यभर बँकेत आकडे पाहिलेला माणूस मी. आकडे दिसले की हात आपोआप चष्म्याकडे जातो.

पहिल्या पानावर एक मोठी पणती आणि तिच्या पोटात 23 + 14. दुसऱ्या पानावर करंजी, तिच्यात 45 − 12. तिसऱ्यावर फुलबाजी, चौथ्यावर चकली. मी एक गंमत करून पाहिली. पणतीवर बोट ठेवलं आणि त्या जागी वांगं आहे असं समजलो. बेरजेला काही झालं नाही. करंजीच्या जागी टोपी ठेवली. वजाबाकीही तशीच्या तशी. म्हणजे सण पानावर होता आणि गणितही पानावर होतं, पण एकाच वाड्यातल्या अबोला धरलेल्या दोन बिऱ्हाडांसारखी ती दोघं राहत होती. नातीने हे माझ्या आधीच ओळखलं असावं. तिने बाराही चित्रं रंगवली होती, पणतीला मातीचा आणि ज्योतीला दोन छटांचा पिवळा दिला होता. बेरजा-वजाबाक्यांच्या जागा मात्र कोऱ्या होत्या.

रात्री मुलाचा फोन आला. तो आणि सूनबाई दोन दिवसांनी येणार होते. फराळाचं, गाडीचं बोलणं झालं. मग जरा थांबून तो म्हणाला, "बाबा, तिला गणिताला बसवू नका." आणि आणखी जरा थांबून, "म्हणजे, तुम्ही नका."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तो असं का म्हणाला, ते मला ठाऊक होतं.

गोष्ट 1991 सालची. मुलगा तेव्हा दुसरीत होता. सप्टेंबरअखेरचं अर्धवार्षिक क्लोजिंग नुकतंच उरकलं होतं, पण आमच्या शाखेतलं सेव्हिंग्जचं एक लेजर काही केल्या जुळत नव्हतं. तेव्हा संगणक नव्हते. खात्यांच्या शिलका एकाखाली एक लिहायच्या, बेरीज मारायची, ती जनरल लेजरच्या आकड्याशी ताडून पाहायची आणि फरक आला की शोधत बसायचं. तीन आठवडे रोज रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसत होतो. त्या वैतागात दिवाळीआधीच्या रविवारी मुलाचा अभ्यास घेतला. खाली वाड्याच्या अंगणात पोरं किल्ला करत होती. ओल्या मातीचा वास खिडकीतून वर येत होता आणि याचं निम्मं लक्ष तिकडे. मी संख्या सांगत होतो, तो पाटीवर लिहीत होता. बावन्न सांगितले, त्याने 25 लिहिले. त्रेसष्ट सांगितले, त्याने 36 लिहिले. चौऱ्याहत्तरला 47 लिहिले तेव्हा माझा हात उठला.

तो रडला नाही. पाटी पुसली आणि मी सांगेन तसं लिहीत राहिला. त्या दिवशी तो किल्ल्यावर गेला नाही. मी जा म्हटल्यावरही गेला नाही.

आता यातली खरी लाज वाटण्याजोगी बाब सांगतो. लेजरातला फरक शोधायची आम्हा बँकवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. फरकाला नऊने भाग जात असेल, तर कुणीतरी लगतचे दोन आकडे उलटे लिहिलेले असण्याचा संभव फार. 45च्या जागी 54 झाले, तर फरक 9. 520च्या जागी 250 झाले, तर फरक 270. दोन्हींना नऊने भाग जातो. तेव्हा आधी उलटे पडलेले आकडे शोधायचे. पदवीधर, अनुभवी, चष्मेवाले लोक रोज ही चूक करत, म्हणूनच तर ही युक्ती तयार झाली. आणि अशी चूक सापडली की आम्ही चहा मागवत असू. बावन्नचे पंचवीस, त्रेसष्टचे छत्तीस, चौऱ्याहत्तरचे सत्तेचाळीस. तिन्ही ठिकाणी फरक सत्तावीस. तीन आठवडे मी लेजरात जी चूक हौसेने शोधत होतो, तीच माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या पाटीवर होती आणि मी ती ओळखली नाही.

ती चूक का होते, हे मला पुढे चौतीस वर्षांनी एका शाळेत कळलं. आमच्या घराजवळ महापालिकेची एक लहानशी शाळा आहे. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात, दोन्हींना एकच बाई. मुलांना गोष्टी सांगायला म्हणून त्या मला शनिवारी सकाळच्या शाळेला बोलावतात. भाद्रपदातल्या अशाच एका शनिवारी गेलो, तर खोलीभर गवत पसरलेलं. बाईंनी मैदानाच्या कडेच्या दूर्वा मुलांकडूनच खुडून आणवल्या होत्या. शाळेच्या गणपतीसाठी जुड्या करायच्या होत्या. एका जुडीत एकवीस.

मुलं मोजत होती आणि चुकत होती. कुणाच्या वीस होत, कुणाच्या तेवीस. मोजता मोजता शेजाऱ्याने हाक मारली की पुन्हा एकपासून सुरुवात. बाई कुणालाच काही बोलत नव्हत्या. बऱ्याच वेळाने एक मुलगा आपणहून म्हणाला, "बाई, दहा झाल्या की दोरा बांधून ठेवू का? म्हणजे विसरलं तरी चालेल." बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी लेजर जुळल्यावर मॅनेजरच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. मग सगळ्यांनी दहा-दहाच्या छोट्या जुड्या बांधल्या. दोन जुड्या आणि वर एक सुटी. बाईंनी फळ्यावर 2 लिहिले, त्याच्या उजवीकडे 1 लिहिला आणि म्हणाल्या, "दोन बांधलेल्या, एक सुटी. वाचा." मुलं ओरडली, "एकवीस!"

तिथे मला माझी पाटी दिसली. आपण म्हणतो 'एक-वीस', आणि लिहिताना आधी लिहितो वीसचे दोन. बोलण्यात एकक पुढे, लिहिण्यात दशक पुढे. बावन्न म्हणताना कानावर आधी 'बा' पडतो, म्हणजे दोन. मूल इमानदारीत आधी 2 लिहितं, मग पन्नासचे 5. पंचवीस! माझ्या मुलाने ऐकलं तसंच लिहिलं होतं. त्यात एकोणचाळीस, एकोणपन्नास ही मंडळी वेगळीच. नावात चाळीस, आणि संख्या तिशीतली. एकोणऐंशी, एकोणनव्वद अशी शिस्तीत चाललेली रांग शेवटी नव्याण्णवला येऊन मोडते. मोठ्यांना हे सगळं इतकं सवयीचं झालेलं असतं की त्यात अवघड काही आहे, हेच आपण विसरतो.

2019 साली बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', बावन्नच्या जोडीला 'पन्नास दोन' असं वाचन दिलं होतं. केवढा गदारोळ झाला, वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या, की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना संख्या कळावी म्हणून सोपी वाट जोडीला दिली आहे. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच मुळी 'गणिताच्या सोप्या वाटा' असं आहे. मी त्याच वर्षी निवृत्त झालो होतो आणि हाताला काम नव्हतं. मराठीची हानी होत असल्याबद्दल मीही एका दैनिकाला तावातावाने पत्र लिहिलं आणि ते छापूनही आलं. सांगलीहून थोडं पुढे गेलं की कानडी मुलूख लागतो. तिथे एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे सरळ वीस आणि एक. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण पत्र लिहिताना आठवलं नाही. नारळीकरबाई 2023 साली गेल्या. आज ते पत्र मी लिहिलं नसतं. 'पन्नास दोन' कानाला गोड लागतं असं मी अजूनही म्हणणार नाही. बावन्नच राहावं. पण बावन्नपर्यंत पोचायला मुलाच्या हातात पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या कुणीतरी द्यायला हव्यात.

तर दूर्वांमध्ये काय होतं, जे त्या पाकिटात नव्हतं? जुडी एकवीसचीच व्हायला हवी होती. वीस चालणार नाहीत, तेवीस चालणार नाहीत, आणि कारण बाईंनी लादलेलं नव्हतं. ते गणपतीचं होतं, म्हणजे मुलांच्या दृष्टीने बिनतोड होतं. मोजणं हे तिथे काम होतं, परीक्षा नव्हती. चुकलं तर दूर्वा सोडून पुन्हा मोजायच्या. त्यात कुणाचा अपमान नव्हता. पणतीच्या चित्राखालच्या 23 + 14 मध्ये चूक झाली, तर लाल फुलीशिवाय दुसरं काहीच होत नाही.

हे काही कुणी नव्याने शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांना पानं, बिया, शंख-शिंपले यांवरच मोजायला शिकवलं. अलीकडे 2021पासून 'निपुण भारत' योजनेत तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि आकडेमोड करता यावी असं उद्दिष्ट ठेवलं आहे. उद्दिष्ट चांगलंच आहे. पण उद्दिष्ट आलं की तक्ते येतात आणि तक्ते आले की तयार पाकिटंही येतात, हे बँकेत जन्म काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

आश्विनात त्या शाळेत हादगा झाला. आमच्या भागात हादगा सोळा दिवसांचा. भिंतीवर हत्तीचं चित्र, पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं चढत चढत सोळाव्या दिवशी सोळा. शाळेने तो नऊ दिवसांचा केला होता. खिरापतीही रोज एकच, नाहीतर बाईंना घरदार सोडावं लागलं असतं. गाणी मात्र चढती. बाईंनी मुलांना विचारलं, नऊ दिवसांत मिळून आपण किती गाणी म्हणणार? मुलांनी बाटल्यांची बुचं मांडली. पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, अशी नवव्या ओळीपर्यंत. जिना तयार झाला. काहींनी सरळ मोजायला घेतलं. एक मुलगी नुसती बघत बसली होती. तिने एकाची ओळ उचलली आणि नवाच्या ओळीला नेऊन चिकटवली. दहा. दोनाची आठाला. दहा. तीन-सात, चार-सहा. मधली पाचाची ओळ एकटी उरली. "चार जुड्या आणि पाच सुट्या," ती म्हणाली. पंचेचाळीस. दूर्वांची जुडी तिच्या डोक्यात पक्की बसलेली होती. घरी येऊन मी सोळा दिवसांचा हिशेब केला. एक आणि सोळा सतरा, दोन आणि पंधरा सतरा, अशा आठ जोड्या. आठ सत्ते छप्पन... नाही, आठ सतरे एकशे छत्तीस. आजीच्या पिढीतल्या बायका इतक्या वेळा गायच्या आणि वर खिरापत ओळखायला लावायच्या!

शेवटच्या दिवशीच्या खिरापतीला खोबऱ्याच्या वड्या होत्या. वड्या चाळीस, मुलं चौतीस. उरलेल्या सहांचं काय करायचं, यावर जो वाद झाला, तो संचालक मंडळाच्या बैठकीत शोभला असता. लहानांना द्याव्यात, गाणं म्हणणाऱ्यांना द्याव्यात, तुकडे करावेत. प्रत्येक वडीचे सहा तुकडे केले तर छत्तीस होतात, चौतीस वाटून दोन उरतात, हे शोधायला अर्धा तास लागला. ते दोन तुकडे एक बाईंना आणि एक मला मिळाला.

बाईंचा एक दंडक मला फार मोलाचा वाटला. सणाचं गणित शाळेत, सगळ्यांच्या मधोमध ठेवलेल्या वस्तूंवर करायचं. 'तुमच्या घरी किती लाडू केले? किती फटाके आणले? दोन्हींची बेरीज करा,' असं कधी विचारायचं नाही. "काही घरांत उत्तर शून्य असतं," त्या म्हणाल्या, "आणि ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं." मी मान हलवली. गणिताचं पुस्तक लिहिणाऱ्या कितीजणांना हे सुचत असेल?

वर्गातली बरीच मुलं ईदवाली. दिवाळी जवळ आली तेव्हा एका मुलाने विचारलं, ईद दर वर्षी वेगळ्या दिवशी का येते? बाईंनी उत्तर दिलं नाही. भिंतीवर तीन वर्षांच्या दिनदर्शिका ओळीने टांगल्या. आपल्याकडे रद्दीत सगळं सापडतं! रमजान ईद शोधा आणि खुणा करा. 2023 साली 22 एप्रिल. 2024 साली 11 एप्रिल. 2025 साली 31 मार्च. आता किती घरं मागे आलो, मोजा. बावीसपासून अकरापर्यंत अकरा. अकरा एप्रिलपासून मागे येताना एप्रिल संपतो, मार्चच्या शेवटच्या चौकटीत उडी मारावी लागते, तिथेही अकरा. मग लक्ष्मीपूजन. 2023ला 12 नोव्हेंबर, 2024ला 1 नोव्हेंबर, 2025ला 21 ऑक्टोबर. पुन्हा अकरा, पुन्हा अकरा. "बाई, दोघांची उडी सारखीच आहे!" वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या इमारतीत ऐकू गेला असेल. चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस सुमारे तीनशे चौपन्न आणि सूर्याच्या वर्षाचे तीनशे पासष्ट, हे पुढच्या इयत्तांचं काम. दुसरीतल्या मुलाला मागे मोजता आलं आणि दोन सणांची चाल एक आहे हे दिसलं, एवढं पुष्कळ झालं.

अर्थात चाल कायम एक राहत नाही. आपल्याकडे मधे अधिक महिना येतो आणि दिवाळी पुढे ढकलली जाते. 2026 सालात ज्येष्ठ अधिक, म्हणून लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरवरून एकदम अठरा दिवस पुढे, 8 नोव्हेंबरला. ईदला अधिक महिना नाही; ती मागे मागे येत वर्षाची पूर्ण प्रदक्षिणा घालते. त्या प्रदक्षिणेला साधारण तेहेतीस वर्षं लागतात. 2006 साली लक्ष्मीपूजन आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली होती. माझ्या लक्षात आहे, कारण त्या आठवड्यात सुट्ट्यांच्या मधल्या दिवसांत काउंटरवर जी झुंबड उडाली, तशी मी क्वचितच पाहिली. मी मुलांना म्हटलं, पुन्हा तसं 2039च्या सुमारास होईल. "तेव्हा आम्ही केवढे असू?" सातात चौदा मिळवायचे होते. बोटं पुरेनात तेव्हा कुणीतरी काड्या आणल्या. उत्तर एकवीस आलं, आणि एका मुलीने दोन जुड्या व एक काडी हातात घेऊन मला दाखवली.

पहिलीतल्या मुलांचंही एक सांगतो. बाईंनी सहा पणत्या ओळीत ठेवल्या, त्यांच्यासमोर आणखी सहा. सारख्या आहेत ना? हो. मग त्यांच्या डोळ्यांदेखत दुसरी ओळ लांब पसरवली. आता? "ह्या जास्त झाल्या," चार-पाच मुलं एकदम म्हणाली. जिनीव्हाच्या ज्याँ पियाजेने मुलांवर असेच प्रयोग करून हे लिहून ठेवलं आहे. लहान मुलाला जागा जास्त म्हणजे संख्या जास्त वाटते, आणि ती त्याची चूक नसून वय असतं. बाईंनी समजावलं नाही. प्रत्येक पणतीसमोर एकेक वात ठेवायला लावली. वाती पुरल्या. ती मुलं पणत्यांकडे संशयाने बघत राहिली. पटायचं तेव्हा पटेल, असं म्हणून बाई पुढच्या कामाला लागल्या. ही घाई न करण्याची कला मला बँकेत कुणी शिकवली नाही आणि घरी मी ती शिकलो नाही.

तर दिवाळीत नातीला मी गणिताला बसवलं नाही. शब्द दिला होता. पाकीट कपाटावर ठेवून दिलं. वसुबारसेच्या संध्याकाळी तिची आजी अंगण सारवून रांगोळीला बसली आणि तिने आपला जुना ठेवणीतला कागद काढला. वर्तमानपत्राच्या घडीला उदबत्तीने भोकं पाडून केलेला ठिपक्यांचा कागद. तो अंथरून वरून रांगोळी फिरवायची की खाली ठिपके उमटतात. नात म्हणाली, "मला कागद नको. मी हाताने देणार." आजी म्हणाली, "मग सात ते चार घे."

ज्यांच्या घरी ही भाषा बोलली जात नाही, त्यांच्यासाठी सांगतो. सात ते चार म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके, तिच्या वर आणि खाली सहा-सहा, मग पाच-पाच, मग चार-चार. पुढच्या ओळीचा ठिपका मागच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधे यायला हवा. एक ठिपका चुकला तर पाकळी जुळत नाही आणि सगळं फूल वाकडं होतं. लाल फुलीची गरजच नाही, रांगोळी स्वतःच सांगते.

तिने तीनदा पुसलं. चौथ्यांदा ओळीगणिक मोठ्याने मोजत दिले. फूल जुळलं. मी पायरीवर बसून होतो, तोंड मिटून. ते सोपं नव्हतं, हे आमच्या घरात कुणीही सांगेल. शेवटी तिनेच विचारलं, "आजोबा, हे सगळे मिळून किती?" आम्ही दोघांनी मोजले. सदतीस. दुसऱ्या दिवशी तिने एकापासून सातपर्यंत चढत आणि पुन्हा एकापर्यंत उतरत पतंगासारखी रांगोळी घातली. ते ठिपके एकोणपन्नास. मग ती अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन मान वाकडी करून उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, इकडून बघा. हा पतंग नाही, पाट आहे. सात आणि सात." मी गेलो, माझीही मान वाकडी केली. खरंच. सात ओळी, प्रत्येकीत सात. चढत-उतरत केलेली बेरीज सात सत्ते एकोणपन्नास कशी होते, हे मला सहासष्टाव्या वर्षी मान वाकडी करून कळलं. सातचा पाढा मी त्या घरात कितीदा म्हणवून घेतला असेल, आणि कुणाकडून, ते लिहीत नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून कागद घेऊन बसलो. दोनची ओळ, तीनची, पुन्हा दोनची, म्हणजे तीन ते दोनची रांगोळी, ठिपके सात. पाच ते तीनची, ठिपके एकोणीस. सात ते चारची सदतीस. नुसता एक ठिपका हीसुद्धा रांगोळीच. आता मिळवत चला. एक. एक आणि सात आठ. आठ आणि एकोणीस सत्तावीस. सत्तावीस आणि सदतीस चौसष्ट. एक, आठ, सत्तावीस, चौसष्ट: हे सगळे घन आहेत! एकाचा, दोनाचा, तीनाचा, चाराचा. गणितज्ञांना हे जुनंच असणार. मला नवं होतं. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "पहाटे उठायचं आहे, झोपा."

एक कबुली द्यायला हवी. हे सगळं पाहून मला इतका उत्साह चढला, की दुसऱ्या दिवशी फराळाच्या ताटावर मी नातीला विचारलं, "तुझ्याकडे चार करंज्या होत्या, एक खाल्लीस, आता किती?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने चिवडा वाढून घेतला. करंजी मोजण्यासाठी नसते. सणातल्या प्रत्येक गोष्टीत गणित दिसू लागलेला आजोबा आणि प्रत्येक चित्राखाली बेरीज छापणारं पाकीट यांत फारसा फरक नाही.

मुलगा आणि सूनबाई त्याच दिवशी आले. मुलाने अंगणातली रांगोळी पाहिली, कपाटावरचं पाकीट पाहिलं. काही बोलला नाही. मला त्या 1991च्या पाटीबद्दल काही बोलायचं होतं. नऊने भाग जाण्याची ती युक्तीही सांगायची होती. वाक्य तयार होतं, पण भाऊबीज आली, गेली आणि गाडी पुण्याला निघाली. कादंबऱ्यांतली माणसं अशा वेळी काहीतरी बोलतात. निदान माझ्या कादंबऱ्यांतली बोलतात.

आठवड्याने रात्री फोन आला. त्याचाच. मागून नातीचा आवाज येत होता. तिने गॅलरीत सात ते चारची रांगोळी घातली होती आणि फूल जुळत नव्हतं.

"बाबा, किती ठिपके यायला हवेत?"

"सदतीस."

"हिचे छत्तीसच भरताहेत. कुठे चुकलंय?"

"ओळीने मोज," मी म्हणालो. "वरून खाली. चार, पाच, सहा, सात, मग उतरत."

"थांबा," तो म्हणाला. फोन त्याने बहुधा खाली फरशीवर ठेवला असावा. दोघांचे आवाज येत होते, एक जाड, एक बारीक. चार. पाच. सहा. सात. सहा. पाच. मग जरा वेळ शांतता. मग तिचा आवाज, "बाबा, इथे तीनच आहेत!"